तळहाताची साक्ष

सदाशिव पेठेत खाणावळी पुष्कळ आहेत. प्रत्येकीत कार्ड असतं, कार्डावर शिक्का पडतो. इंदुबाई काळमेघ यांच्या खाणावळीत कार्ड कधीच नव्हतं. पोरगा दारात उभा राहिला की त्या तव्यावरून मान वर करायच्या, एकदा बघायच्या आणि पुन्हा भाकरी थापायला लागायच्या. तेवढं पुरे होतं.

तीन वर्षांपूर्वी दोन महिने जेवून गेलेला एक मुलगा एकदा आई-वडिलांना घेऊन आला. परीक्षा पास होऊन साहेब झाला होता. मिशी ठेवली होती, वजन वाढलं होतं. त्याने तोंड उघडायच्या आत इंदुबाई म्हणाल्या, "ये. तू वांगं खात नव्हतास. आता खातोस का साहेब झाल्यावर?"

हा त्यांचा अभिमान होता. दुसरा कुठला नव्हता. यवतमाळकडच्या गावाहून नवऱ्याबरोबर पुण्यात आल्या तेव्हा तेजस कडेवर होता. रंगराव एका छापखान्यात लागले. इंदुबाईंनी दोन पोरांना डबा द्यायला सुरुवात केली, त्याची खाणावळ झाली. दीडशे पोरं जेवायची. बहुतेक सगळी स्पर्धा परीक्षांची. कुणी लातूरचं, कुणी बीडचं, कुणी वाशीमचं. सगळी त्यांना मावशी म्हणायची. सहा वर्षांपूर्वी रंगराव गेले. त्यांनी केलेली सोन्याची साखळी मात्र इंदुबाईंनी गळ्यातून काढली नाही. "त्यायनं घातली, त्यायनंच काढावी," असं म्हणायच्या.

ती साखळी गेल्या वर्षीच्या भाद्रपदात गेली. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळचे सहा वाजले होते. इंदुबाई भाजीची पिशवी घेऊन मंडईतून परत येत होत्या. मागून मोटारसायकल आली. दोघं होते. मागच्याने साखळीला हात घातला. साखळी पटकन तुटली नाही, म्हणून इंदुबाई दोन पावलं तिच्याबरोबर ओढल्या गेल्या. मग पडल्या. फुटपाथच्या कडेचा दगड डोक्याला मागून, उजव्या बाजूला लागला.

पुढचं त्यांना तुकड्यांनी आठवतं. पाठमोरी मोटारसायकल. मागं वळून बघणारा मागचा माणूस. मग काही नाही. मग कुणाचे तरी हात आणि अगदी कानाशी आवाज.

"आजी, मान हलवू नका. पिशवी इथंच आहे. आजी, डोळे मिटू नका."

आजी. तेजसचं लग्न व्हायचं होतं. त्यांना आजी म्हणणारं जगात कुणी नव्हतं. तेवढ्या अवस्थेतही त्यांना त्याचा राग आल्याचं आठवतं. मग रिक्षाचं टप, मग दवाखाना.

चौथ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. इंदुबाईंचं डोकं बांधलेलं होतं. एक डोळा सुजून मिटला होता. तेजस उशाशी बसला होता.

"मागं बसलेल्याचा चेहरा बघितलात?" हवालदारांनी विचारलं.

"वळून पाहिलं त्यानं."

"समोर आणला तर ओळखाल?"

तेजस हसला. "तिला काय विचारताय साहेब. निम्म्या पुण्याचे फोटो तिच्या डोक्यात आहेत."

"ओळखीन," इंदुबाई म्हणाल्या. "चेहऱ्याच्या बाबतीत मी आजवर चुकले नाही."

हवालदारांनी ते लिहून घेतलं. इंदुबाईंनी सही केली. तेव्हा त्यांना माहीत नव्हतं.

माहीत झालं ते पट्टी काढल्यावर, सहाव्या दिवशी. दारात एक तरुण माणूस उभा होता. हातात थर्मास होता. तो त्यांच्याकडे बघून हसत होता. इंदुबाईंनी त्याला नीट बघितलं. नाक दिसलं, चष्मा दिसला, दाढीचे खुंट दिसले. परातीत पीठ आहे, पाणी आहे, मीठ आहे, पण मळून त्याचा गोळाच होत नाही, तसं झालं.

"कोणाकडं आलात?" त्यांनी विचारलं.

"आई?" तो माणूस म्हणाला.

आवाज तेजसचा होता. आवाजाबरोबर तेजस आला. चेहरा मात्र तसाच राहिला, परका.

"गंमत केली रे," इंदुबाई म्हणाल्या. त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

खरं सांगायला काय हरकत होती? हरकत एकच होती. तेजस हिंजवडीला कंपनीत होता. तिथेच चौदाव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट होता. खाणावळ बंद कर आणि माझ्याकडे ये, हे तो दोन वर्षं म्हणत होता. दवाखान्यातून घरी आणताना त्याने गाडीत सांगितलं, "आई, या वेळी ऐकतो. पण यापुढे एक जरी गोष्ट झाली, चक्कर, विसरणं, काहीही, तर शटर खाली. मग चर्चा नाही."

इंदुबाई चौदाव्या मजल्यावर दोनदा राहून आल्या होत्या. दिवसभर तिथे बोलायला फक्त लिफ्ट होती.

म्हणून त्यांनी नियम काढला. दारावर पाटी लागली. 'आधी नाव सांगावे, मगच बसावे.' पोरांना मजा वाटली. एकेक जण दारात छाती काढून ओरडायचा.

"समर्थ गायके, हजर मॅडम!"

"रविराज! विथ एक्स्ट्रा ठेचा!"

"मावशी, आधार कार्ड पण दाखवू का?"

"दाखव. फोटो पाहून हसायला मिळेल," इंदुबाई म्हणायच्या. पोरं खिदळायची. इंदुबाई ताटं वाढायच्या आणि आवाज साठवायच्या. कोण घसा खाकरून बोलतो, कुणाचा 'र' जड आहे, कुणाची चप्पल फरफटते. महिन्याभरात त्यांना शंभर-सव्वाशे आवाज पाठ झाले. कुणालाही कळलं नाही.

कळलं ते नम्रताला. ती मराठी घेऊन एम. ए. झालेली मुलगी. तीन वर्षं जेवायला होती आणि सकाळच्या वेळी भाज्या चिरायला बसायची. एक दिवस तिचा घसा बसला होता. ती आली, हाताने नमस्कार केला आणि विळीवर बसली.

"कोण गं तू? नवीन का?" इंदुबाईंनी विचारलं.

नम्रता हसली. मग तिच्या लक्षात आलं, की मावशी हसत नाहीयेत. तिने बसक्या घशाने कसंबसं म्हटलं, "मावशी, मी आहे."

इंदुबाईंनी डोळे मिटून घेतले. मग त्या उठल्या आणि त्यांनी दार लावलं.

त्या दिवशी त्यांनी तिला एकच दाखवलं. भिंतीवरचा रंगरावांचा फोटो. "रोज हार घालते," त्या म्हणाल्या. "फोटो कुठं आहे ते माहीत आहे म्हणून घालते. एक टोपीवाला म्हातारा आहे. कोणाचाही असेल."

नम्रताच त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. भाची म्हणून सही केली. डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं, की मार लागला तिथे मेंदूचा एक लहानसा भाग निकामी झाला आहे. डोळे उत्तम आहेत, बुद्धी उत्तम आहे. फक्त चेहरा बघून माणूस कोण, ते सांगणारा भाग गेला. औषध नाही. मग त्यांनी शेजारच्या खोलीत तनुजा मॅडमकडे पाठवलं. त्या यावरच अभ्यास करत होत्या.

तनुजा मॅडमनी इंदुबाईंच्या दोन बोटांना पट्ट्या बांधल्या. पट्ट्यांच्या वायरी संगणकात गेल्या. नम्रताने आणून दिलेले फोटो आणि भलत्याच माणसांचे फोटो, असे मिसळून एकेक पडद्यावर यायला लागले.

"हे कोण?"

"माहीत नाही."

"हे?"

"नाही."

"हे?"

"नाही हो. टोपीवाला कुणीतरी."

चाळीस फोटो झाले. इंदुबाईंना एकही ओळखता आला नाही. त्यांना रडू येत होतं. तनुजा मॅडमनी पडदा त्यांच्याकडे वळवला. एक रेघ होती. बरीचशी सपाट, मधे मधे उंचवटे.

"मावशी, ही तुमच्या हाताची रेघ. तळहात किंचित ओला झाला की ही वर चढते. आपल्याला जाणवतही नाही इतका किंचित. आता बघा. अनोळखी माणसं, रेघ सपाट. हा तुमचा मुलगा, वर. ही नम्रता, वर. ही दवाखान्यातली नर्स. हिला तर तुम्ही पडल्यानंतरच पहिल्यांदा बघितलंत. तरी वर. आणि हे."

तो उंचवटा सगळ्यांत मोठा होता.

"हे कोण?" इंदुबाईंनी विचारलं.

"टोपीवाले," नम्रता म्हणाली. "काका."

इंदुबाई त्या रेघेकडे बघत राहिल्या.

"चेहरा ओळखायच्या मेंदूत दोन वाटा असतात असं समजा," तनुजा मॅडम म्हणाल्या. "एक नावापर्यंत जाते. ती तुमची तुटली. दुसरी आत कुठेतरी जाते, जिथून हाताला घाम फुटतो. ती शाबूत आहे. तुम्ही ओळखत नाही, पण तुमचं शरीर ओळखतं. अर्थात तेवढंच हं. ओळखीचं आहे, एवढंच ते सांगतं. कोण, कुठला, चांगला की वाईट, ते नाही सांगत."

इंदुबाईंनी पहिलं वाक्य ऐकलं. नंतरचं ऐकलं नाही. त्या उजवा तळहात उघडून त्याच्याकडे बघत होत्या.

घरी आल्यावर त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग हात पदराला पुसला. "हात खोटं बोलत नाही गं," त्या नम्रताला म्हणाल्या.

त्यानंतर त्यांना सवयच लागली. कुणी समोर आलं की त्या अंगठा तळहातावर फिरवून बघायच्या. मॅडमचं यंत्र जे टिपत होतं ते आपल्याला आता जाणवतं, असं त्यांना वाटायचं. काही वेळा खरंच जाणवायचंही. गॅसवाला आला की ओलसर. पोस्टमन आला की ओलसर. नवीन माणूस आला की कोरडा. त्यांना धीर आला.

आणि मग येरवड्याहून बोलावणं आलं. संशयित सापडला होता. ओळख परेड होती.

नम्रता म्हणाली, "मावशी, सांगून टाका ना. दिसत नाही म्हणून."

"तेजस बरोबर येतोय," इंदुबाई म्हणाल्या. एवढं बोलून त्यांनी पातेलं घासायला घेतलं.

परेड तुरुंगात झाली. पोलिसांना आत येऊ देत नाहीत. तेजसही बाहेर थांबला. आत एक नायब तहसीलदार होते, दोन पंच होते आणि भिंतीला लागून सात जण उभे होते. एकाच वयाचे, एकाच चणीचे. तहसीलदार म्हणाले, "घाई नाही, बाई. एकेकाला बघा. ओळखलंत तर खांद्याला हात लावा. कुणी कुणाशी बोलायचं नाही."

कुणी बोलायचं नाही. दोन महिन्यांची त्यांची सगळी विद्या कानात होती.

त्या पहिल्यासमोर उभ्या राहिल्या. नाक, डोळे, ओठ. दुसरा. तिसरा. सात परातींत सात जणांचं पीठ. तेव्हा मान हलवून परत फिरता आलं असतं. नाही ओळखत, म्हणायचं. कुणी काही म्हणालं नसतं. पण बाहेर तेजस होता. चेहऱ्याच्या बाबतीत मी आजवर चुकले नाही, असं त्यांनी सही करून दिलं होतं.

पाचव्यासमोर आल्या आणि तळहात ओला झाला.

नुसता ओलसर नाही, ओला. त्या सहाव्याकडे गेल्या. कोरडा. सातवा. कोरडा. परत पाचव्याकडे आल्या. परत ओला. ह्या माणसाला आपण बघितलं आहे. नक्की बघितलं आहे. आणि अशा माणसाला, दुसरं कुठे बघणार?

त्यांनी हात उचलला आणि त्याच्या खांद्यावर ठेवला.

खांदा हाताखाली खचला. त्या पोराने तोंड उघडलं. तहसीलदारांनी बोट वर केलं. त्याने तोंड मिटलं.

बाहेर तेजसने त्यांना जवळ घेतलं. "मानलं तुला आई. दोन महिने झाले तरी!" घरी नम्रताने विचारलं, "कसं ओळखलंत?" इंदुबाईंनी तळहात पुढे केला.

नम्रता म्हणाली, "पण तनुजा मॅडम म्हणाल्या होत्या..."

"मला ठाऊक आहे काय म्हणाल्या ते. कांदा चीर."

नम्रताने कांदा चिरला. तीही पुढे काही बोलली नाही. हे तिच्याकडूनही राहिलं ते राहिलंच.

पोराचं नाव बद्रीनाथ होतं. तेवीस वर्षांचा. घरोघर पार्सलं पोचवायचा. त्या सकाळी तो त्या गल्लीतून मोटारसायकलवरून गेला, हे कुठल्याशा दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसलं होतं. साखळी काही सापडली नाही. जामीन दोनदा नाकारला. कारण ओळख परेड पक्की होती.

माघ महिन्यात एक दिवस दुपारी एक बाई खाणावळीत आली. वेळ टळून गेली होती, पोरं उठली होती.

"नाव?" इंदुबाईंनी विचारलं.

"सरुबाई."

ताट वाढलं. बाई सावकाश जेवली. भाकरी मोडून मोडून खाल्ली. ताट स्वच्छ केलं. मग म्हणाली, "मी बद्रीची आई."

इंदुबाईंच्या हातातला डाव थांबला.

"अन्नाशी माझं भांडण न्हाय, म्हणून आधी जेवले," सरुबाई म्हणाली. "तुमाला एकच इचारायचंय. माझ्या पोरानं तुमाला रस्त्यातनं उचललं. रिक्षात घातलं. भाजीची पिशवी पायाशी ठेवली. कामावरची शिफ्ट चुकंल म्हणून संगती आला न्हाय, तेवढाच त्याचा गुन्हा हाय. आन तुमी त्याच्याच खांद्याला हात लावला?"

"पकडल्यावर सगळे असंच सांगतात," इंदुबाई म्हणाल्या. हे वाक्य हवालदारांचं होतं. त्यांनी ते जसंच्या तसं उचललं होतं.

"तुमाला तो चोर दिसला? तुमच्या डोळ्यांनी?"

इंदुबाईंनी अंगठा तळहातावर फिरवून बघितला. त्यांचा हात कोरडा होता. ह्या बाईला त्यांनी आधी कधीच बघितलेलं नव्हतं.

"बरं," सरुबाई उठत म्हणाली. "ठेचा चांगला हाय. बद्रीला आवडला असता."

त्यानंतर इंदुबाई नीट झोपल्या नाहीत. त्या स्वतःशी वाद घालायच्या. उचलणारा कुणीतरी होता, हे खरं. पण रिक्षावाला सापडला नाही, आणि ही बाई आई आहे, ती काय म्हणणार? हात ओला झाला तो झाला. ह्याच हाताने रंगरावांना ओळखलं. मग ह्याला चूक कसं म्हणायचं? एकदा चूक म्हटलं, की मग भिंतीवरचा तो म्हातारा पुन्हा कुणाचाही होतो.

ऑगस्टात शिवाजीनगरच्या कोर्टातून समन्स आलं. तेजसने रजा काढली. नम्रता बरोबर गेली. इंदुबाईंनी ठरवलं होतं, आधी जे सांगितलं तेच सांगायचं. दोन वाक्यं. मग घरी.

कोर्टाच्या खोलीला दाराशी एक उंबऱ्यासारखी पायरी होती. इंदुबाई गर्दीतून वाट काढत आत शिरत होत्या. तेजस मागे फोनवर होता. दाराच्या बाजूला एका हवालदाराजवळ कुणी उभं होतं, त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. बघून उपयोग काय. त्यांचा पाय पायरीला अडखळला.

"आजी, सांभाळून!"

इंदुबाईंनी दाराची चौकट धरली.

दोनच शब्द. पण गेलं वर्षभर त्या आवाजांवरच जगत होत्या. एका खाकरण्यावरून पोरगा ओळखत होत्या. आजी, मान हलवू नका. पिशवी इथंच आहे. आजी, डोळे मिटू नका. 'आजी'तला 'जी' तसाच लांबवलेला, 'ळ' तसाच जिभेवर अडकलेला.

त्यांनी मान वळवली. नाक, डोळे, ओठ. कुणीतरी मुलगा. हातात बेडी.

"कोण आहे हा?" त्यांनी नम्रताला विचारलं.

"मावशी," नम्रता हळू म्हणाली, "तोच. बद्रीनाथ."

हात ओला झाला होता. पंखा फिरत होता तरी ओला.

त्यांना पिंजऱ्यात उभं केलं. शपथ दिली. नाव, वय, पत्ता. मग सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी आपली साखळी ओढणारा इसम आज न्यायालयात हजर आहे काय?"

इंदुबाई त्या पोराकडे बघत राहिल्या.

"बाई?"

"हात ओला झाला आहे," त्या म्हणाल्या.

मागे कुणीतरी हसलं. वकील म्हणाले, "बाई, हाताचं नंतर. विचारलं तेवढं सांगा."

"तेच सांगते." पुण्यात तीस वर्षं राहून त्यांची बोली झिजली होती. घाबरल्या की ती परत यायची. "मले चेहरे ओळखू येत नाहीत, साहेब. पडल्यापासून. कोणाचाच नाही. तुमचा नाही. माझा पोरगा इथं बसला आहे. कुठं बसला आहे, मले माहीत नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी उभं राहिलं. तो तेजस असावा.

न्यायाधीश बाईंनी लेखणी खाली ठेवली. "मग ओळख परेडमध्ये तुम्ही ह्यांच्या खांद्याला हात कसा लावलात?"

इंदुबाईंनी सांगितलं. बोटांच्या पट्ट्या सांगितल्या, रेघ सांगितली. सांगता सांगता तनुजा मॅडमचं राहिलेलं वाक्य त्यांच्या कानात पहिल्यांदा पूर्ण उतरलं. "शरीर म्हणते, हा ओळखीचा आहे. एवढंच म्हणते. हा खरंच ओळखीचा होता. पण चोर म्हणून नाही. यानं मले उचललं होतं. यानं माझी पिशवी धरली होती."

"हे आज कशावरून सांगता?"

"आत्ता दारात बोलला. मले आजी म्हणाला." त्यांनी पिंजऱ्याचा कठडा धरला. "त्या दिवशी तिथं त्याले बोलू दिलं असतं, तर मी तवाच सांगितलं असतं. नाही. मीच सांगायला पाहिजे होतं, की मले दिसत नाही. ते मी नाही सांगितलं."

बद्रीनाथच्या वकिलांनी काही प्रश्न विचारले. न्यायाधीश बाईंनी डॉक्टरांचे कागद मागवायला सांगितले. पुढची तारीख पडली. बद्रीनाथने इंदुबाईंकडे बघितलं की नाही, हेही त्यांना सांगता येणार नाही. त्या खाली बघत होत्या.

बाहेर व्हरांड्यात एक बाई त्यांच्यासमोर येऊन थांबली. तळहात ओला झाला.

"ओळखलंत का आता?" सरुबाई म्हणाली, आणि निघून गेली.

गाडीत तेजस बोलला नाही. त्याने काच खाली केली, वर केली. संगम पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. इंदुबाई शेजारी बसल्या होत्या आणि तो बोलत नव्हता. एका परक्या माणसाशेजारी त्या बसल्या होत्या. त्यांनी सीटची कड घट्ट धरली.

"तेजस," त्या शेवटी म्हणाल्या, "बोल रे काही. शिव्या दे. पण बोल."

"मीही?" तो म्हणाला. "अकरा महिने मीही नाही दिसलो तुला?"

"दिसत नाहीस. बोललास की येतोस."

त्याने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. खाणावळ बंद करायचं त्या दिवशी त्याने काढलं नाही. पुढेही नाही.

बद्रीनाथला आठवड्याने जामीन मिळाला. कार्तिकात तो निर्दोष सुटला. नम्रताने ते कोर्टात बसून ऐकलं आणि येऊन सांगितलं. त्याची नोकरी गेली होती. मोटारसायकल अजून चौकीच्या आवारात पडून होती. इंदुबाईंनी दोनदा बद्रीनाथच्या घरी जायची तयारी केली. एकदा डबाही भरला. पायरी उतरल्या आणि परत आल्या. जाऊन काय सांगणार होत्या? आणि समोर उभा राहिला तर तो तोच, हे तरी कसं कळणार होतं?

पाटी दारावर तशीच होती. आता पोरांना कारण माहीत होतं. आता ती ओरडत नसत. दाराशी येऊन नीट नाव सांगत. हे इंदुबाईंना जास्त जड जायचं.

मार्गशीर्षात एक दिवस, दुपारचे अडीच वाजत आले होते. शेवटची पंगत उठत होती. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. तरुण होता. निळा शर्ट होता. नाव सांगितलं नाही.

"नाव सांगा भाऊ," समर्थ हात धुता धुता म्हणाला. "इथं नियम आहे."

तो माणूस उभाच राहिला.

इंदुबाईंचा हात ओला झाला. त्यांनी तो पदराला पुसला. पुन्हा ओला झाला. त्या हातावर आता त्यांचा विश्वास नव्हता. गॅसवाल्यालाही ओला होतो, पोस्टमनलाही होतो, वांगं न खाणाऱ्या साहेबालाही होतो.

"बसू दे त्याले," त्या म्हणाल्या.

त्यांनी स्वतः ताट वाढलं. भाकरी, झुणका, कांदा, ठेचा. तो खाली मान घालून जेवला. त्या भाकरी घेऊन गेल्या तेव्हा त्याने ताटावर आडवा हात धरला. बोलला नाही. ठेचा मात्र बोटाने निपटून खाल्ला. हात धुतले. दाराशी भाजीची पिशवी आडवी झाली होती, ती उभी करून भिंतीला टेकवली आणि पायरी उतरून गेला.

नम्रता विळीवरून उठली होती. ती दाराकडे बघत होती. तिचं तोंड उघडं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "हा..."

इंदुबाईंनी हात वर केला. तळहात अजून चकाकत होता.

"नाव घेऊ नको," त्या म्हणाल्या. "त्याले सांगायचं असतं, तर त्यानं सांगितलं असतं."

नम्रता खाली बसली. इंदुबाईंनी ते ताट उचललं आणि मोरीत नेऊन स्वतः घासलं.